टांगेवाल्यांचा बंब आणि शेवटचे रीळ

वाळवे तालुका, जि. दक्षिण सातारा
(नव्या जिल्ह्याचे नाव लिहायची हाताला अजून सवय नाही.)
१८ नोव्हेंबर १९४९

ती. दाजींच्या चरणी वामनचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त तो कागदावरच घातला आहे, थंडी सरली की प्रत्यक्ष घालीन.) अक्काचा दमा कसा आहे? मुंबईची हवा तिला मानवत नाही हे मी लग्नातच म्हणालो होतो, पण तेव्हा माझे कोण ऐकतो! इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहून मी आताच खोडले. खोडलेले आपल्याला दिसेलच. विलिंग्डन कॉलेजातून बी. ए. झालेल्या आणि बावीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने निदान पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तरी खोटे लिहू नये.

चित्रपट भाड्याने देणाऱ्या आपल्या कचेरीने दसऱ्याच्या सुमारास गुंडाप्पाच्या सिनेमाच्या तंबूत एक इंग्रजी विनोदी चित्रपट पाठवला, तिथून सारे सुरू झाले. गुंडाप्पाला हवे होते देवादिकांचे चित्र, ते आले नाही, म्हणून त्याने हे स्वस्तात घेतले आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, “मास्तर, तुमी फकस्त सांगायचं, मानसं काय बोलत्यात त्ये.” मी होकार दिला. (त्या दिवशी रोजनिशीत ‘लोकशिक्षणाची संधी’ असे लिहिले आहे. काल ते वाचले आणि लाज वाटली. ती संधी नव्हती, मिरवण्याची हौस होती.) तंबूत यंत्र एकच. प्रत्येक रिळानंतर दिवा लागे, मग मी स्टुलावर उभा राहून झाल्या रिळाचा अर्थ सांगायचा, अशी योजना होती.

दाजी, मला त्यातले एक वाक्यही कळले नाही. आमचे इंग्रजी पुस्तकातले. पडद्यावरचे कामकरी लोक तोंडात तंबाखूचा बार भरून बोलावे तसे बोलत होते. डोळ्यांना दिसले ते इतकेच: एका गिरणीचे दार बंद होते. चपट्या टोप्यांचे सात प्रौढ गडी बाहेर हात चोळत बसतात. मग त्यांना एका गोठ्यात घोड्याने ओढायचा जुना आगीचा बंब सापडतो, तो ते रंगवतात, आणि त्यात पिंपे घालून गावभर धावत सुटतात. मी खाली उतरून “मला समजले नाही” म्हणायला हवे होते. तीन शब्दांचे काम. पण दिवा लागला तेव्हा पुढच्या जाजमावर आमच्या गावचे टांगेवाले बसलेले दिसले.

हे अकरा जण. स्टेशनावरून मोटार थेट चौकात येऊ लागल्यापासून यांचे टांगे चिंचेखाली नुसते उभे असतात. त्यांतला वडीलधारा केरबा. पंचवीस वर्षे त्याने गावातल्या सगळ्या माहेरवाशिणी स्टेशनावरून आणल्या, आपल्या अक्कालासुद्धा. आता तो दिवसभर घोड्याच्या माश्या हाकतो. तो मान वर करून म्हणाला, “मास्तर, त्येंची गिरन बंद पडली, आमची सडक बंद पडली. म्होरं काय क्येलं वो त्येंनी?”

त्याच्या तोंडाकडे बघून मला “कळत नाही” म्हणवेना. मी म्हणालो, त्यांनी गावाच्या आगी विझवायचे व्रत घेतले. कुणी न सांगता.

एकदा असे म्हटल्यावर माघार कशी घ्यायची? पिंपांत पाणी होते, असे सांगितले. पिंपे घरात गेल्यावर माणसे नाचू लागली. आग विझल्याचा आनंद, म्हणालो. शेवटच्या रिळात पांढऱ्या केसांचा टोप घातलेला एक म्हातारा उंच जागी बसून त्या सातांना बराच वेळ काही सांगतो. तो तिथला नगराध्यक्ष आणि टोप मानाचा, असे ठोकून दिले. मग पोलीस त्यांना बंद मोटारीत बसवून नेतात. त्यांना सत्काराला नेले, असे मी जाहीर केले. तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. केरबाने पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती याकूबने. (हा याकूबही टांगेवालाच. लढाईत इटलीत खेचरे हाकत होता. त्याला विसरू नका.)

तिसऱ्या दिवशी आपल्याकडून चित्रपटाची माहितीपुस्तिका आली. दाजी, ती तीन दिवस आधी का आली नाही, हे विचारण्याचा मला अधिकार नाही, पण विचारून ठेवतो. पिंपांत बिअर होती! जकात चुकवून गावभर पोचवण्यासाठी बंबाचे सोंग. टोपवाला म्हातारा न्यायाधीश, आणि सत्कार म्हणजे प्रत्येकी सहा महिने. आणि इथे दारूबंदीचे वारे असे की, घरात काकवी आंबली तरी माणसे खिडक्या लावून घेतात.

मी खरे सांगायला लगेच चिंचेकडे गेलो. तर तिथे दोन टांग्यांवर लोखंडी पिंपे चढली होती. याकूबने लष्करी भंगारातून हातपंप आणला होता, चाकांना काव फासली होती, आणि त्यांच्यातलाच जोतिबा एक घंटा बांधत होता. (घंटा आमच्या शाळेची. मुख्याध्यापक ती अजून शोधत आहेत. मीही त्यांच्याबरोबर शोधतो.) केरबाने दाढी केली होती. गेल्या वर्षभरात मी त्याला दाढी केलेला पाहिला नव्हता. मी “छान” म्हणून परत आलो.

त्यांची पहिली आग पेन्शनर सुभेदारांच्या परसात लागली. म्हणजे लागली नव्हती. सुभेदारांच्या न्हाणीघरात पाणी तापत होते, त्याचा धूर होता. पंपाचा पहिला फवारा थेट सुभेदारांच्या पाठीवर. ते पंचा धरून जे काही बोलले ते इटलीतसुद्धा ऐकले नव्हते, असे याकूब म्हणतो. पण दुसरी आग खरी होती. वेशीबाहेरच्या गुऱ्हाळावर चिपाडाच्या ढिगाने पेट घेतला तेव्हा या अकरा जणांनी ओढ्यापासून नऊ खेपा केल्या आणि गुऱ्हाळ वाचवले. केरबाच्या मिशा एका बाजूने जळाल्या. ती बाजू तो लोकांना मुद्दाम दाखवतो.

मग त्यांनी नगरपालिकेला अर्ज केला (लिहिला मीच): चिंचेखालची जागा बंबासाठी आणि घोड्यांना हरभरा-कडबा मिळावा. अडचण अशी की, ती जागा मोटारस्टँडला द्यायचे घाटत होते. जागा गेली की टांगे मोडायचे आणि घोडी बाजारात, हे सगळ्यांना ठाऊक होते. आमचे नगराध्यक्ष वकील आहेत आणि इंग्रजीचे अभिमानी. अर्जात ‘विलायतेतील उदाहरण’ असा उल्लेख होता. (तो मी का घातला? रोजनिशीत यावर दोन पाने आहेत, उत्तर नाही.) वकीलसाहेब म्हणाले, आधी मी ते चित्र पाहतो, मग ठरवू. गुंडाप्पाने आपल्याला तार केली आणि आपण तत्परतेने चित्र पुन्हा पाठवलेत. तेव्हा आपणही अगदीच निरपराध आहात असे समजू नका.

गेल्या रविवारी संध्याकाळी खेळ झाला. वकीलसाहेब खुर्चीवर, गाव जाजमावर, मी स्टुलावर. पहिल्या रिळातच मला एक दिलासा मिळाला: त्यांनाही काही कळत नव्हते! पण ते कबूल कसे करणार? दर दोन मिनिटांनी ते सगळ्यांच्या आधी मोठ्याने हसत. एकदा तर पडद्यावर म्हातारी रडत असताना हसले. माझ्या भाषांतराला मान डोलावून “अगदी नेमके” म्हणाले. परंतु शेवटच्या रिळात कोर्ट होते, आणि इंग्रज न्यायाधीशाचा टोप न ओळखणारा वकील या जिल्ह्यात नाही.

शेवटच्या रिळाची वेळ आली, ऑपरेटरने डबा उघडला. डबा रिकामा. (याविषयी खाली लिहितो.) ओरडा झाला. वकीलसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, शेवट तोंडी सांगा. जे आहे तेच सांगा.” दाजी, त्या ‘जे आहे तेच’ने मी पुरता अडकलो. खरे सांगावे तर केरबाचा घोडा बाजारात, खोटे सांगावे तर ते वकिलासमोर. खरेच सांगायचे असे मी ठरवले होते, आणि “सभ्य गृहस्थहो” इथपर्यंत पोचलोही होतो.

एवढ्यात याकूब उठला. “सायेब, शेवट मला म्हाईत हाय. पल्टनीत बगिटलाय मी ह्यो पिक्चर. त्यो टोपवाला म्हातारा हाय न्हवं, त्यो त्येंचा अध्यक्ष. पयल्यांदा लय कडक. म्हनला, ही उठाठेव तुमास्नी कुनी सांगितली? आन् त्याच रातीला त्येच्याच माडीला आग! ह्या सात गड्यांनी इजवली. मग म्हातारा भर सभेत म्हनला, जागा तुमची, चारा सरकारचा. दुसऱ्या दिवशी त्येचा फोटू पेपरात, मोठ्ठा.”

दसऱ्याला ते रीळ पाहिलेल्या गावाने ‘आग कुठे होती?’ असे विचारायचे सोडून सगळी तोंडे खुर्चीकडे वळवली. मागून सुभेदारांचा आवाज आला, “मग आमचं अध्यक्ष काय विंग्रजापरीस कमी हायती व्हय रं?” वकीलसाहेबांनी पगडी सावरली, खाकरले आणि उभे राहून जागा दिली. चाराही दिला. कालच्या सभेत ठराव झाला. केरबा घोड्याला मिठी मारून बसला होता; घोड्याला ते फारसे आवडलेले दिसले नाही.

अक्काला नमस्कार सांगावा, मुलांना आशीर्वाद. उत्तर पाठवण्याआधी खालचे वाचावे.

आपला,
वामन

ता. क. ऑपरेटरची जेवणाची सोय आमच्या घरून होती. भाकरीची टोपली भरून जाई, रिकामी परत येई. रविवारी दुपारी ती रिकामी आली नाही. (रोजनिशीत ‘उसने घेतले’ लिहिले, खोडले, ‘चोरले’ लिहिले, तेही खोडले, शेवटी ‘आणले’ ठेवले.) हे पत्र घेऊन याकूब येत आहे, त्याच्याजवळ तीच टोपली आहे. वरच्या चार भाकरी अक्काला. पाचवी भाकरी चित्रपटाचे शेवटचे रीळ आहे. ते गुपचूप कचेरीत ठेवावे, “डबा इथूनच रिकामा गेला होता” असे साहेबांना सांगावे, आणि हे चित्र आमच्या तालुक्यात पुन्हा कधीही पाठवू नये, ही हात जोडून विनंती.

आणखी ता. क. ही फीत नुसत्या ठिणगीने भडकते हे मला ऑपरेटरकडून बुधवारी कळले. ती रविवारपासून सौ.च्या ट्रंकेत, चुलीपासून सहा पावलांवर होती. आणि रविवारपासूनच याकूबचा पाण्याचा टांगा माझ्या दारात उभा होता. मला वाटले, घोडा दमला असेल.

शेवटचे ता. क. मग मी त्याला विचारले, याकूब, तुला ते इंग्रजी कळत होते? तो म्हणाला, “चार वर्सं गोऱ्या टामीसंगं खेचरं हाकलीत, मास्तर. समदे असंच बोलायचे.” मी म्हणालो, म्हणजे पहिल्या दिवसापासून पिंपांत काय होते ते तुला ठाऊक होते? तो घोड्याचा पट्टा आवळत म्हणाला, “पानी. तुमीच न्हाई का सांगितलं?”