खोताचं शेवटी काय झालं

बाबा, तुमचा खोत सापडला. मिशीला पीळ देणारा, गोठ्यात मोलकरणीचा खून करून वर चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतला तुमचा इंग्रज साहेब मायदेशी जाताना जुन्या काळ्यापांढऱ्या भयपटांच्या कॅसेटी तुम्हाला देऊन गेला होता, त्यातलाच हा सिनेमा. त्याच्या देशातही कुणाला आठवत नसेल, पण आता मोबाइलवर फुकट दिसतो.

शुक्रवारी जुबैदीचं, म्हणजे तिकडच्या पापलेटाचं, कालवण ओरपून झालं की आखातातल्या आपल्या सालमियाच्या दोन खोल्यांत पडदे ओढले जायचे. आईला इंग्रजी येत नाही म्हणून तुम्ही सिनेमाभर मालवणीत सांगत बसायचात. "ह्यो मेलो खोत. जमनी खाल्ल्यान, आता माणसां खातलो." दार आपटलं की सिनेमातली अख्खी भिंत हलायची, घोडागाडी त्याच एका झाडाजवळून पुन्हा पुन्हा जायची आणि मेलेली बाई श्वास घेताना स्पष्ट दिसायची. आई म्हणायची, "अहो, ती जित्ती आसा!" तुम्ही म्हणायचात, "गप रव. ती हडळ झाली." आठवडाभर रिफायनरीत खऱ्या आगीच्या धाकात काम करून आलेल्या माणसाला ही खोटी भीती किती गोड लागत असेल, हे आत्ता कळतं. तेव्हा मी नुसती हसायचे.

परवा तुमच्या नातीला घेऊन बसले. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. निदान तुमचा खोत तरी तिला भेटावा, एवढीच माझी इच्छा. तुमच्या आवाजापुढे मूळ संवाद मला कधी ऐकूच आले नव्हते. परवा ऐकले, तर तो खोत नाहीच, गावचा डॉक्टर आहे, आणि तुमची मोलकरीण त्याची सख्खी बहीण! बाबा, तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

लेकीने जांभई दिली. "मम्मा, धिस इज सो फेक." ती उठून जाणार, या भीतीने मी आवाज बंद केला आणि तुमची गोष्ट सुरू केली, तुमच्याच मालवणीत. खोत आला, हडळ आली. पोरगी पोट धरून हसली. मग म्हणाली, "देन? एन्डला आजोबा काय बोलायचे?"

 शेवट यायच्या आधीच तुम्ही दर वेळी घोरायला लागायचात आणि आई टीव्ही बंद करायची. पण ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हडळीन खोताक त्याच गोठ्यात म्हशीच्या दाव्यान बांधल्यान, आणि अजून त्याच्याकडसून शेण काढून घेता."

"आजोबा वॉज सो फनी," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. तो शेवट माझा होता. तुमच्या नावावर खपवला.