पुठ्ठ्याचा चौथा मजला

९ ऑगस्ट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कमानींसकट पूल, स्टेशन, घड्याळाचा मनोरा, गिरण्यांची धुराडी, इस्पितळ, आणि नदीकाठचे दिवे, गव्हाच्या दाण्याएवढे. सगळं शहर मी या हातांनी केलं. पुठ्ठा, कामट्या आणि सरस. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. तू इंजिनियर, पण यातला एक जिना तुला सरळ चिकटवता येणार नाही.

सोमवारी सरकारी समिती येतेय. राजधानीखालोखाल देशाचं दुसरं शहर आपलं की बंदरवाल्यांचं, ते ठरवायला. देखावा माझा, भाषणही माझंच. बंदरवाले लोकसंख्या सांगतात. अरे, गर्दी तर तुरुंगातही असते. माझी कसोटी एकच: जिथल्या माणसाला कशासाठीही तुमच्या राजधानीचं तोंड बघावं लागत नाही, ते दुसरं शहर. सभेत हे म्हणालो तर टाळ्या थांबेनात. पेपरात फोटोसकट आलं.

तुझी वहिनी आहे तशीच. जिना चढताना मध्येच बसते, ओठ निळे पडतात. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले असं लोक म्हणतात. ते खोटं. डॉक्टर फक्त ‘राजधानीत न्या’ एवढंच म्हणाले.

परवा देखाव्यावरची धूळ झटकत होती. फुंकर मारायला दम पुरेना, म्हणून फडकं घेतलं. इस्पितळापाशी थांबली.

“हे वरती काय?”

“हृदयाची ऑपरेशनं.”

“आपल्या इस्पितळाला तीनच मजले आहेत हो.”

“चौथा मंजूर झालाय.”

“मग मला यातच झोपवा,” म्हणाली आणि हसली. हसता हसता खोकला आला, आधाराला हात टेकला तो नेमका पुलावर. दोन दिवे निखळले. मी चिमट्याने पुन्हा बसवले. आता कळतही नाही.

तुझं पत्र तिला दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर पिशवी भरून दारात बसली असती. आणि बंदरवाल्यांनी भर सभेत विचारलं असतं, “का हो, बायकोला कुठे धाडलंत?” निकाल वर्षअखेरीला आहे. तोवर ती टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांचेही अंदाज चुकतात.

तेव्हा तू लिहिलंस ते, की दादा, वहिनीला इकडे राजधानीत घेऊन ये, गाडी पाठवतो, ऑपरेशनचे पैसे मी भरून टाकलेत, ते मला मान्य नाही. पावती सोबत परत पाठवतोय, घडीही मोडलेली नाही. साडेसात लाख.

दादा