अनशापोटी दिलेली गोळी

आई,

काल माझा रक्ताचा रिपोर्ट आला. साखर नॉर्मल. पस्तिशी ओलांडली, तरी तू ज्याला भ्यायचीस ते अजून दाराशी आलेलं नाही. हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं.

सप्तापूरच्या भाड्याच्या घरात होतो आपण. मी आठवीत, अंगानं चांगली भोपळ्यासारखी, आणि मानेवर काळा पट्टा. तो मळ समजून तू दर रविवारी न्हाणीघरात डाळीचं पीठ लावून घासायचीस. मी बोंबलायची. ‘हलू नको की गं, निघायलाय!’ निघत काही नव्हतं, कातडी तेवढी सोलवटायची. शेवटी हुबळीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, हा मळ नव्हे. अंगात इन्शुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही. असंच चाललं तर पोरीला मधुमेह होईल. खाणं सांभाळा, चालवा, आणि रोज जेवणानंतर एक गोळी द्या. तुझी आई त्याच दुखण्यानं गेली होती. 

आत्या म्हणाली, ‘साखरेची गोळी? पोरीला? उद्या सोयरीक कोण करील?’ तू तिला चहा दिलास, आणि गोळी सुरू केलीस. पण औषध म्हणजे अनशापोटीच घ्यायचं, हे तुझ्या माहेरचं शास्त्र. डॉक्टरांचं सांगणं बाजूला राहिलं, आणि तोंड धुतल्या धुतल्या तू गोळी माझ्या हातावर ठेवलीस. वर्गात भडाभडा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजचंच. आत्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं. आठवड्यानं तू गोळ्यांची पट्टी घेऊन एकटीच हुबळीला गेलीस, बंद करू का विचारायला. ‘ऊटा आद म्याले कोडरी, अक्का,’ डॉक्टर हसून कानडीत म्हणाले. जेवणानंतर द्या.

त्या संध्याकाळी तू मला जेवायला वाढून समोर बसतेस. पिठाच्या हातानं माझा दंड धरतेस. ‘चुकलं की गं माझं. उगीच त्रास झाला तुला.’ आपल्या घरात मोठं माणूस लहानाला असं कधी म्हणत नसे. दुसऱ्या दिवसापासून तू सकाळी माझ्याबरोबर मैदानावर चालू लागलीस, नऊवारीवर कॅनव्हासचे बूट घालून. लोक हसले, तू आणखी एक फेरी मारलीस. वजन रडतखडत उतरलं, मान उजळली, आणि दोन वर्षांनी डॉक्टरांनीच गोळी थांबवली. आज तुझा किती अभिमान वाटतो; तेव्हा ते कळत नव्हतं.

हा कागद माझ्यापाशीच राहणार आहे, म्हणून लिहिते. खरी उलटी झाली ती पहिले दोनच दिवस. पुढे मी गोळी गिळलीच नाही. मोरीत टाकायची आणि उलटी झाली म्हणून सांगायची, कारण मला त्या गोळीची लाज वाटत होती. तू माफी मागितलीस तेव्हा खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तू त्यात भाकरीचा शेवटचा घास घातलास, त्यावर गोळी दिलीस, आणि मी गिळली.