दिवाळसणात मोडलेला टॅप

नाशिक रोड,
भाऊबीजेचा दुसरा दिवस

रा. रा. कोंडाजीराव व्याहीसाहेब यांस देवरामचा मनापासून रामराम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करतो. विहीणबाईंना सौ. सुवर्णाचा नमस्कार. लासलगावात कांद्याचा भाव काय चाललाय तेही कळवा (इथे आम्हाला विकत घ्यावा लागतो, म्हणून भीत भीत विचारतोय).

तुमचे चिरंजीव आणि आमचे जावई प्रफुल्लराव यांचा पहिला दिवाळसण यथासांग पार पडला. यथासांग म्हणजे अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला आणि पाडव्याच्या सकाळी त्यांना आमच्या गाडीखाली तेलाचा थेंब दिसला. हा थेंब तिथे बरीच वर्षं पडतो. आम्ही त्याच्याखाली पुठ्ठा ठेवतो आणि सुखाने राहतो. पण जावईबापू पडले इंजिनीअर (कॉम्प्युटरचे असले म्हणून काय झालं), त्यांनी बाह्या सरसावल्या. इंजिनच्या झाकणाचा एक बोल्ट त्यांनी एवढ्या प्रेमाने आवळला की त्याचे आटेच गेले. मग नवे आटे पाडायचं हत्यार, ज्याला टॅप म्हणतात, ते शेजाऱ्याकडून आणलं आणि तेही प्रेमानेच फिरवलं. ते मोडलं आणि अर्धं आत राहिलं.

दुसरं कोणी असतं तर मी दंडाला धरून बाजूला केलं असतं. पण जावई, तोही दिवाळसणाला आलेला, त्याला नको म्हणायचं कुणी? मी सुवर्णाकडे पाहिलं, तिने छताकडे पाहिलं. त्यांनी मोडक्या टॅपला ड्रिल लावलं, तर टॅप जसाच्या तसा आणि ड्रिलचं टोक बोथट. मग पक्कड लावली, हातोडी लावली, माझा दाढीचा आरसा धरून आत पाहिलं (आरसाही गेला). जेवायला बोलावलं की काळे हात मांडीवर ठेवून श्रीखंडाकडे बघत बसायचे. संध्याकाळी तर बोलेनातच. सुवर्णा म्हणाली, जावई रुसलेत, अंगठी हवी असणार. मी सराफाकडे निघायच्या तयारीनेच हळूच विचारलं, तर म्हणाले, "नाना, मला मोडका टॅप काढायचा सेट द्या."

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. पहिल्याच दिवाळीला पोरगं आमच्या दारात असं हिरमुसून बसावं, याचं फार वाईट वाटलं. गाडी गेली तरी चालेल, पण सासुरवाडीत याची मान खाली जाता कामा नये, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी सेट आणला. सकाळभर त्यांची झटापट चालली, तुकडा हलला नाही. दुपारी जेवून ते जरा आडवे झाले, उठून गाडीपाशी गेले आणि काय सांगू, नुसत्या दोन बोटांनी तुकडा फिरवून बाहेर काढला! अख्खी कॉलनी बघायला आली. सुवर्णाने त्यांना पुन्हा ओवाळलं. असा कर्तबगार मुलगा आमच्या पदरात घातलात, तुमचे उपकार विसरणार नाही.

आपला,
देवराम

ता. क. – वरचं सगळं जावईबापूंना वाचून दाखवलं. ते खूश होऊन आंघोळीला गेलेत, म्हणून घाईने लिहितो (फोन करायचा तर यांचे कान शेजारीच). तुकडा आमच्या तेजलने, म्हणजे तुमच्या सूनबाईने काढला. हे झोपले असताना तिने सेटच्या खोक्यातला सूचनांचा कागद वाचला (त्याची घडी कुणी मोडलीच नव्हती), हत्यार टॅपच्या खाचांत बसवलं, थोडं तेल सोडलं आणि हलकेच उलटं फिरवलं. तुकडा तिच्या हातात आला. मी ओरडणार तोच तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि तुकडा होता तिथे परत फिरवून ठेवला. म्हणाली, "नाना, त्यांना काढू द्या." तेव्हा प्रफुल्लराव ही हकीकत सांगतील त्यावेळी आ वासून ऐका आणि हसू नका, एवढीच हात जोडून विनंती.

दुसरा ता. क. – ते आंघोळीहून आले. म्हणतात, पप्पांच्या जीपला कसलासा आवाज येतो, घरी पोचलो की तिचं इंजिन उघडतो. सेट बॅगेत भरून झालाय. उद्या निघतील, म्हणून हे पत्र चकल्यांच्या डब्यात घालून आजच्याच एसटीने पाठवतोय. मला जावयाला अडवता येत नाही. तुम्ही बाप आहात, बघा जमतंय का. नाहीच जमलं, तर दुपारी पोटभर पुरणपोळी वाढून त्यांना झोपू द्या. बाकी तेजल बघून घेईल.