साळोबाला न जमलेली दुरुस्ती

१७ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे, मी बरी आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कागदावर. आई शनिवारी तुझ्याकडे येईल तेव्हा पत्र तिच्या पिशवीत असेल. ते उघडूनही पाहिलं नाही असं ती सांगेल. तू मान्य करून टाक.

भावोजींनी तुझा निरोप दिला. आपल्या गोष्टीतला तू लिहिलेला शेवटचा भाग काढून टाकायचा, आणि त्यातली चावीची चिमणी चालू झाली असं लिहायचं. मी लगेच कामाला लागले. अडचणी आल्या, त्या कळवते.

पहिली अडचण आई. मी रोज काय खरडत बसते असं तिने विचारलं, मग सगळं मुळापासून सांगावं लागलं. लहानपणी बघायचो त्या कार्टूनमधल्या साळोबा साळिंदराच्या आणि लंबू बगळ्याच्या नव्या गोष्टी आपण दोघी अजून लिहितो. साळोबाचं बोलणं तुझ्याकडे, लंबू आणि यंत्रं माझ्याकडे. इंटरनेटवर अनोळखी माणसं त्या वाचतात.

"दुसऱ्याची पात्रं कशाला घ्यायची?" आई म्हणाली. "स्वतःची सुचत नाहीत?"

"स्वतःची असती तर हवी तशी वागवली असती. ही ऐकत नाहीत."

"मग तुम्हा दोघींवरच गेली आहेत."

खरंच ऐकत नाहीत. साळोबा कुणाची माफी मागत नाही. लंबू प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. रडत तर कुणीच नाही, कारण चित्रं काढणाऱ्यांनी त्यांच्या डोळ्यांत पाणी कधी काढलंच नाही. फार वाईट वाटलं तर साळोबाचे काटे खाली पडतात, तेवढंच. आणि सगळ्यात पक्का नियम म्हणजे त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात आलेली वस्तू शटर खाली यायच्या आत दुरुस्त होते.

तुझ्या भागात ती होत नाही. एक लहानसं गिऱ्हाईक चावीची चिमणी घेऊन येतं, साळोबा दुपारभर तिच्यावर खपतो आणि शेवटी ती तशीच परत देतो. म्हणतो, "जमलं नाही."

आपला हेडमास्तर, तोच तो चुका काढणारा वाचक, चवताळला. लिहितो, "साळोबाने असं म्हणणं शक्य नाही. लेखिकांनी मालिका पुन्हा पाहावी."

आधी मी तुझ्या सांगण्याप्रमाणे चिमणी चालवून पाहिली. एका खर्ड्यात स्प्रिंग बदलली, दुसऱ्यात चाकाचे दाते घासले. दिवसभर लिफ्टचे ब्रेक तपासते मी, एवढंसं खेळणं कागदावर चालवणं काही अवघड नाही. यंत्र म्हणून दोन्ही खर्डे बरोबर होते. पण चिमणी टेबलावर उड्या मारायला लागली की साळोबाच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मी त्याला "उत्तम, पुढचं काम घ्या" म्हणायला लावलं. हुबेहूब आमच्या ऑफिसातला साहेब. दोन्ही खर्डे फाडले.

मग हेडमास्तरचं ऐकून मालिका पाहिली, सगळी. आणि लंबूचा कप सापडला.

पहिल्या भागात त्या कपाला कान आहे. त्यानंतर कधीच नाही. तुटताना दाखवलेला नाही, त्यावर कुणी अक्षरही बोललेलं नाही. चित्र काढणाऱ्याच्या हातून राहून गेला असेल. पण दुरुस्तीच्या दुकानात, दोन कारागिरांच्या डोळ्यांसमोर तो कप शेवटच्या भागापर्यंत तसाच आहे, आणि लंबू तो दोन्ही पंखांत धरून पितो. आपण इतक्यांदा पाहिलं आणि आपल्याला वाटलं, ही त्याची लकब.

चित्रं जोडून मी हे हेडमास्तरला पाठवलं. त्याने कळवलं, "कप मान्य. वाक्य अमान्य." दुसऱ्या दिवशी आणखी दोन शब्द आले, "राहू द्या."

तेव्हा भाग मी काढणार नाही. कपामुळे नाही. कप हेडमास्तरसाठी होता. चिमणी चालू झाली असं लिहिता आलं नाही, आणि भागच काढला तर ते गिऱ्हाईक दुकानात कधी आलंच नव्हतं असं होईल. ते मला लिहिता येणार नाही. तुला राग येईल हे धरून चालले आहे. आलाच तर फोन करून ओरड.

पुढचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो. लंबू शटर उघडतो आणि भलत्याच विषयावर बोलतो. तेवढं लिहून झालं आहे. त्यावर साळोबा काय म्हणतो ते मला माहीत नाही, ते खातं तुझं. घाई नाही.

इथून पुढचं मुद्दाम वेगळ्या पानावर लिहिते आहे. नको असेल तर हे पान बाजूला ठेव.

त्या दिवशी दवाखान्यात तू जागी झालीस तेव्हा तुझा पलंग कळ फिरवल्यावर वर कसा उचलला जातो, ते मी तुला समजावत बसले. तू ते ऐकून घेतलंस. त्याच्या आधी, तू गुंगीत असताना, भावोजी सह्या करायला खाली गेले होते आणि आई देवाचं नाव घेत भिंतीकडे तोंड करून बसली होती. नर्सने दारातून विचारलं, "घरचं कुणी बाळाला बघणार आहे का?"

मी म्हणाले, "मी."

घरी आल्यावर सगळे म्हणाले की तो विषय काढायचा नाही. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. हनुवटी तुझी होती, ताई. केस दाट, कपाळावर आलेले. उजव्या हाताची करंगळी माझ्यासारखी वाकडी. नर्स म्हणाली, धरायचं असेल तर धरा. मी धरलं. तिने परत मागेपर्यंत धरलं.

आणखीही आठवतं आहे. तू विचारशील तेव्हा सांगेन.

तुझी धाकटी,
आणि तिची मावशी