नकाणे तलावावरचे क्रौंच

३ एप्रिल १९९९
आजपासून पक्षिनिरीक्षण. निवृत्त माणसाला छंद हवा. मगनच्या इंटरनेट कॅफेत पक्षिमित्रांचा ई-मेल ग्रुप लावून घेतला. कुठे कोणता पक्षी दिसला, ते रोज येतं. पुण्याच्या नोंदी आमची रत्ना टाकते, हा योगायोग. मी पक्ष्यांसाठी आहे, मुलीसाठी नाही. आपल्या मर्जीने लग्न करून गेली, तेव्हापासून बोलणं बंद ते बंद.

५ एप्रिल
रत्नाला पाषाणला खंड्या दिसला. म्हणजे तब्येत बरी असावी. मगन म्हणाला, "नाना, पुण्याचंच किती वेळ वाचताय?" अक्षर बारीक आहे म्हटलं.

९ एप्रिल
अठराला आखाजी, लेकींनी माहेरी यायची अक्षय्यतृतीया. शेजारच्या झुलालने लेकीला आणायला मुराळी म्हणून धाकट्याला चोपड्याला पाठवलं. ही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मुराळी धाडणार नाही. बापाने पडतं घ्यायचं नसतं. शिवाय माझ्याकडे आधुनिक उपाय आहे.

१० एप्रिल
ग्रुपवर टाकलं : धुळे, नकाणे तलाव, क्रौंचांचा मोठा थवा, आखाजीपर्यंत नक्की राहील. खाली 'एक पक्षिमित्र'. लहानपणी रत्ना माझ्या सायकलच्या दांडीवर बसून हेच बघायला यायची. क्रौंच म्हटल्यावर ती पुण्यात थांबणार नाही. आणि स्वतःहून आली म्हणजे मी बोलावलं असं होत नाही.
हिला सांगितलं. म्हणाली, "लेकले लेवाले मुराळी धाडतस, पक्षी नही."
हिला इंटरनेट कळत नाही.

१४ एप्रिल
उत्तर नाही. लाइन खराब असणार. निंबाला आखाजीचा झोका बांधला. शेजारच्या पोरींसाठी. दोर नवा, फळी रत्नाचीच.

१८ एप्रिल, आखाजी
सकाळपासून तलावावर. इस्त्रीचा शर्ट. एक रिक्षा आली. गळ्यात दुर्बिणी अडकवलेले नाशिकचे दोघे उतरले. क्रौंच कुठे, विचारलं. आत्ताच उडाले म्हटलं. ऊन चढेपर्यंत थांबले बिचारे. मीही.
घरी खापरावरच्या मांड्यांचा वास. हिने चार ताटं मांडली होती. जावयाचंही. माझ्यामागे कुणी नाही बघून दोन उचलली.

२० एप्रिल
रत्नाचं उत्तर आलं! ग्रुपला लिहिलंय : धुळ्याच्या नोंदीवर विश्वास ठेवू नये. शिमगा झाला की क्रौंच नकाण्याहून निघून जातात. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं आहे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत ते चुकत नाहीत.
मगनने विचारलं, "नाना, डोळ्यात काय गेलं?" पंख्याची धूळ म्हटलं.
उत्तर लिहायला बसलो. 'चि. रत्ना' एवढं लिहिलं. खोडलं. मग ग्रुपला कळवलं : पाहण्यात चूक झाली. ते बगळे होते. क्षमस्व. एक पक्षिमित्र.
घरी आलो तर ही स्टुलावर चढून झोक्याचे दोर सोडत होती.
मी स्टूल धरलं.