तिघांची संमती

३ फेब्रुवारी

कर्जफेडीचा लागोपाठ दुसरा हप्ता चुकला! पहिला चुकला तेव्हा रात्रभर जागा होतो. आज नुसती जांभई आली. माणूस कशालाही सरावतो.

पहिल्याला कारण मोठ्या धुलाईयंत्राचं बेअरिंग. दुसऱ्याला हॉटेलचा मॅनेजर — एका टेबलक्लॉथवर गंजाचा डाग निघाला म्हणून महिन्याचं बिल अडवून बसलाय. संस्कृत घेऊन एम. ए. झालो ते बहुधा परक्यांच्या चादरींवरच्या डागांची व्युत्पत्ती शोधण्यासाठीच.

ताई मागे घड्या घालत होती. माझी थोरली बहीण, निवृत्त नर्स. कोपऱ्याला कोपरा अजून वॉर्डातल्यासारखा जुळवते. मोतीबिंदू पिकल्यापासून मात्र चादर कुठली नि अभ्रा कुठला हे हाताने चाचपून ठरवते.

"बाळ्या, आला का रे हप्त्यातला माझा वाटा?"

"निघालाय."

"पायी निघालाय वाटतं."

५ फेब्रुवारी

परतफेडीच्या करारावर देखरेख करणाऱ्या बाईंचा फोन. आवाज इतका गोड की मजकूर ऐकू यायला वेळ लागला. लागोपाठ दोन हप्ते चुकले, आता तिन्ही घेणेकऱ्यांची सभा. तिघांनी मुदत दिली तर करार टिकेल. एकाने जरी नाही म्हटलं तर यंत्रं लिलावात, येतील त्या पैशांचे वाटे.

तिघं म्हणजे बँक, साबणवाला आणि — ताई! ही लाँड्री काढताना तिने निवृत्तीचे सगळे पैसे दिले, म्हणून कागदोपत्री तीही घेणेकरी. पण ही माझ्याच शेजारी बसून जेवते. तिला काय विचारायचं?

९ फेब्रुवारी

बँक. साहेब वयाने माझ्या निम्मा.

"काका, बोलता फार छान. हप्ता भरताना ही हुशारी कुठे असते?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी फिसकन हसली. मीही हसलो — सभ्यपणा म्हणून. शेवटी म्हणाला, "देतो मुदत. पण सभेआधी एक हप्ता भरून दाखवा. नुसत्या हवेवर मुदत नाही."

आता हा हप्ता आणायचा कुठून?

१२ फेब्रुवारी

साबणवाल्याने पावडरच्या पोत्यावर बसवून ठेवलं. दुपार गेली. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट — "हे आमचे पंडित! जगाचं धुतात, माझी उधारी मात्र तशीच मळकी."

संध्याकाळी म्हणाला, "हात जोडून म्हणा एकदा."

जोडले. म्हटलं. चार माणसांसमोर.

"ठीक. हो म्हणेन मी. तुमच्यासाठी नव्हे बरं का! माझी आई जाताना तुमच्या ताई तिच्या उशाशी बसून होत्या. त्यांच्याकडे बघून."

घरी आल्यावर ताईने विचारलं, "कपड्यांना पावडरचा वास कसला?" डोळे गेले तसं नाक तीक्ष्ण झालंय. तिला तसं म्हटलंही. हसली.

१६ फेब्रुवारी

पैसे सापडले. होते घरचेच — म्हणजे ताईचे. आधीच्या हप्त्यांतला तिचा वाटा साठवून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आगाऊ भरला होता. भरला मी, तेव्हा परतही माझ्याच खात्यावर येतो. फोन केला, तारीख रद्द केली. तिकडच्या मुलीने कारणसुद्धा विचारलं नाही! वाईट बातमी सांगण्याची तयारी करावी आणि कोणी ऐकूनच घेऊ नये — जरासा अपमानच वाटला.

ताईला सांगितलं, डॉक्टर परदेशी गेलेत.

"कधी येणार?"

"आले की कळवतील."

"बरं."

जन्मभर डॉक्टरांच्या सवडीने वागलेली बाई. माझी केवढी सोय!

१७ फेब्रुवारी

हप्ता भरला. जेवण गोड लागलं.

२० फेब्रुवारी

ताईचा हात गरम रोलरवर पडला. तळव्यावर टरारून फोड. मी म्हटलं, "ताई, इस्त्री चादरींना करायची असते गं." रोज हसते, आज हसली नाही. एका हाताने पट्टी बांधून घेतली स्वतःच. मी मदत करणार होतो, तेवढ्यात झालीही.

मग विचारलं, "डॉक्टरांचं काही कळलं का रे?"

"तिकडे बर्फ पडलंय म्हणे."

बर्फ कुठून सुचलं कोण जाणे!

२३ फेब्रुवारी

मी गठ्ठे बांधत होतो, फोन ताईने घेतला. "हो. मीच... कोणी, भावाने?... पैसेही?... बरं, बरं. नाही, तुमची काय चूक."

"कोण गं?"

"चुकून लागला."

पुन्हा घड्या घालायला बसली. घालत राहिली. हाताला पट्टी असूनही एकेक कोपरा चोख. मीही पुढे विचारलं नाही. चुकून लागलेल्या फोनची चौकशी कोण करतं?

२५ फेब्रुवारी

उद्याची तालीम घेतली. "बाई विचारतील, मुदत द्यायची का. तू फक्त हो म्हणायचं. एक अक्षर."

"ठाऊक आहे."

"घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू?"

मुदत मिळाली की ऑपरेशनचं बघूच. पुढच्या वर्षी. नक्की.

२६ फेब्रुवारी

सभा. बँक — हो. साबणवाला — हो. ताई — नाही.

बाईंना वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ झाला. सावकाश सांगितलं, "आजी, तुम्ही नाही म्हटलंत तर भावाची यंत्रं विकली जातील."

"कळलं. विका."

मी "ताई!" म्हटलं. ती बाईंच्याच दिशेने बघत राहिली.

"मला जिना उतरवायला कोणी मिळेल का? याच्याखेरीज."

साबणवाला उठला.